40 हजार घेऊन सही करायची का? रेंट-अ-कारच्या धडकेत भावाचा पाय मोडलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे आणि त्यात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगते. गोव्यात साखळीत राहणारा तुमचा धाकटा भाऊ, वय 34, स्वतंत्रपणे एसी दुरुस्तीची कामं करतो. दोन महिन्यांपूर्वी गिरीजवळ हमरस्त्यावर त्याच्या स्कूटरला रेंट-अ-कारने धडक दिली. गाडी बाहेरच्या राज्यातला पर्यटक चालवत होता. भावाच्या डाव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन होऊन रॉड बसला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि लायसन्सची मुदतही संपलेली होती. आता गाडीचा मालक 40 हजार देतो म्हणतो, पण स्टॅम्प पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून हवंय. विमा कंपनीचा म्हणून एक माणूसही घरी येऊन गेला. तुम्ही विचारता: पैसे घ्यावेत का, दावा केला तर किती मिळतील, आणि हेल्मेट-लायसन्समुळे आपण आधीच हरलोय का?

मी म्हापशात आणि पणजीत बावीस वर्षं अपघाताच्या दाव्यांचं काम करते. ‘किती मिळतील’ हा प्रश्न माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी विचारतो. त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: हातात काय आहे? पाय किती मोडला यापेक्षा त्या पायावर घर कसं चालत होतं आणि आता ते का चालत नाही, हे कागदावर किती दिसतं, त्यावर आकडा ठरतो. हा कागद पहिल्या काही महिन्यांतच गोळा होतो. नंतर शोधायला गेलं तर मिळत नाही.

तेव्हा आधी 40 हजारांचं. आज सही करू नका. भावाला पैशांची गरज नाही असं मी म्हणत नाही. दोन महिने काम बंद असलेल्या घराला 40 हजार ही लहान रक्कम नसते, हे मालकालाही ठाऊक असतं. पण त्या स्टॅम्प पेपरवर बहुतेक वेळा ‘तक्रार नाही’ एवढंच नसतं. खाली एक वाक्य असतं, ‘अपघात माझ्याही चुकीने झाला’ किंवा ‘यापुढे कसलीही नुकसानभरपाई मागणार नाही’. पुढे ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद काढतो. असा कागद असला म्हणजे दावा आपोआप बुडतो असं नाही, पण मग तुमचा निम्मा वेळ त्या कागदातून बाहेर पडण्यात जातो. मालक माणुसकीने औषधपाण्याला काही देत असेल तर घ्या, मात्र पावतीवर ‘उपचारासाठी तात्पुरती मदत, दाव्याच्या हक्काला बाधा न आणता’ एवढं लिहून. हे लिहायला जो तयार होत नाही, त्याला मदत करायची नव्हती, सौदा करायचा होता.

मालक असंही सांगत असेल की गाडी भाड्याने घेताना पर्यटकाने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतल्याचं लिहून दिलंय. तो करार त्या दोघांमधला. तुमचा भाऊ त्यात कुठेच नाही, त्यामुळे तो त्याला लागू होत नाही. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही प्रतिवादी करायचे. पर्यटक आपल्या गावी परत गेलेला असतो आणि त्याला नोटीस बजावण्यातच कधीकधी काही महिने जातात, म्हणून भाड्याच्या करारातला त्याचा पत्ता आणि लायसन्सची प्रत पोलिसांच्या कागदांत आली आहे का, हे आत्ताच बघा.

गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी होती का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे महत्त्वाचं आहे. परवाना असलेल्या रेंट-अ-कारची प्लेट तशी असते आणि तिचा विमाही त्या वापरासाठीचा असतो. आपल्याकडे पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाड्याही सर्रास पर्यटकांच्या हाती दिल्या जातात, हे किनारपट्टीवर राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. ती तशी गाडी असेल तर विमा कंपनी म्हणणार की खासगी वापराची पॉलिसी घेऊन गाडी भाड्याने चालवली, आम्ही जबाबदार नाही. घाबरू नका. पॉलिसीतल्या अटींचा भंग हा मुळात मालक आणि कंपनीतला वाद. 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून सुप्रीम कोर्टाने दाखवलेली वाट अशी की बऱ्याच प्रकरणांत कंपनीने तिऱ्हाइताला, म्हणजे तुमच्या भावासारख्या जखमीला, आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. प्रत्येक वेळी असंच होतं असं मी लिहून देणार नाही. भंग कुठल्या प्रकारचा आहे त्यावर ते ठरतं. पण गाडीचा फोटो, प्लेटसकट, जपून ठेवा. विमा अपघाताच्या दिवशी चालू होता की नाही हे गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन पाच मिनिटांत कळतं.

आता मुदत. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण याबाबत आपल्याकडे जुनी समजूत घट्ट बसली आहे. तुमच्या ओळखीतले कुणी काका तुम्हाला सांगतील, ‘अगो, घाई कसली, पाय बरा होऊ दे, रॉड काढू दे, मग बघू. अपघाताच्या केसीला मुदत नसते.’ ते काका खोटं बोलत नाहीत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, ती 1994 मध्ये काढून टाकली, आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं खरोखरच मुदत नव्हती. मीसुद्धा तेव्हा अशिलांना सांगायची की अपंगत्वाचा दाखला येऊ द्या, मग सगळं एकदमच दाखल करू. ती सवय आता महागात पडते. 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. तो आदेश ज्यांची मुदत उलटून गेली आहे त्यांच्यासाठी आधार आहे. तुमच्याकडे अजून चार महिने आहेत, तर उद्याच्या निकालावर आपलं नशीब टांगून कशाला ठेवायचं? दावा आत्ता दाखल करा. अपंगत्वाचा दाखला, पुढची बिलं, दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च हे सगळं नंतर पुराव्यात आणता येतं.

कायद्याप्रमाणे तुमच्यासाठी आणखी एक दार उघडं असायला हवं. 2022 च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल ट्रायब्युनलला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. हा सविस्तर अहवाल ट्रायब्युनल भरपाईचा अर्ज म्हणूनच हाताळू शकतं. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर जखमी माणसाने वकिलाच्या दारात न जाताही त्याची केस उभी राहते. प्रत्यक्षात ती तशी राहते का, हे त्या त्या पोलीस स्टेशनवर आणि त्या त्या अधिकाऱ्यावर आहे. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. म्हणून पोलिसांकडे लेखी अर्ज करून एफआयआर, जागेचा पंचनामा, नकाशा आणि हे अहवाल यांच्या प्रती मागा, आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. पीडिताला भरून द्यायचा एक फॉर्म असतो, तो भावाने भरला का तेही विचारा. त्यात उत्पन्न, शिक्षण, घरात अवलंबून कोण, अशी माहिती असते. घाईत ‘मजुरी, महिना 10 हजार’ असं काहीतरी टाकलं जातं, आणि मग आपण ट्रायब्युनलसमोर 25 हजार म्हणालो की समोरचा वकील गालातल्या गालात हसतो.

पंचनाम्यात काय आहे ते ओळ न ओळ वाचा. गाडीची कुठली बाजू चेपली, स्कूटर रस्त्याच्या कुठल्या कडेला पडली, काचांचे तुकडे कुठे होते, ब्रेकच्या खुणा किती लांब. चूक कुणाची हे साक्षीदारांपेक्षा या ओळींवर जास्त ठरतं. गिरीच्या त्या पट्ट्यात पेट्रोल पंप, शोरूम, बार यांचे कॅमेरे आहेत, पण बहुतेक ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दोन महिने झालेत, तरी एकदा विचारून या. कधीकधी दुकानदाराने कुतूहलापोटी मोबाईलवर घेतलेलं असतं.

तितकाच महत्त्वाचा कागद इस्पितळातला. बांबोळीला कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा अपघात कसा झाला म्हणून कुणी काय सांगितलं? डॉक्टर जे ऐकतात ते लिहितात. माझ्याकडे पेडण्याची एक केस होती. त्यातल्या मुलाला नेणाऱ्या शेजाऱ्याने, पोलिसांचं लचांड नको म्हणून, ‘स्कूटर स्लीप झाली’ असं सांगितलं. ती तीन शब्दांची नोंद आम्हाला दोन वर्षं पुरली. विमा कंपनीचं म्हणणं एकच: धडक झालीच नाही, नंतर गाडी शोधून आणली. शेवटी धडक देणाऱ्या टेम्पोच्या बंपरला लागलेला स्कूटरचा रंग पंचनाम्यात नोंदलेला होता म्हणून निभावलं. तुमच्या भावाच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा. चुकीचं असेल तर ज्याने माहिती दिली त्याचं नाव लिहून ठेवा, त्याला साक्षीला आणावं लागेल.

हेल्मेट आणि लायसन्स या दोन गोष्टींवर तुमचा जीव सगळ्यात जास्त अडकलेला दिसतोय. त्यावर माझं मत तसं सरळ आहे. हेल्मेट न घालणं हा गुन्हा आहे, दंड होतो, व्हायलाच हवा. पण मोडला आहे पाय. हेल्मेट असतं तरी नडगी वाचली नसती. नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्या नियमभंगाने अपघात घडला किंवा जखम वाढली, हे दिसावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये मोटारसायकलवर तिघं बसल्याच्या प्रकरणात हेच सांगितलं. डोक्याला मार असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. लायसन्सचंही तसंच. 2008 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की लायसन्स नसणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. चालवताना चूक झाली का, ते वेगळं बघावं लागतं. भाऊ आपल्या बाजूने नीट चालला असेल तर संपलेल्या लायसन्समुळे त्याचा या गाडीविरुद्धचा दावा जात नाही. मात्र हे लपवू नका. उलटतपासणीत ते निघणारच, आणि मग जे खरं सांगितलंय त्यावरही शंका घेतली जाते.

त्याच्या स्वतःच्या स्कूटरच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असेल, त्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेल. ते मृत्यू किंवा अवयव, दृष्टी गमावणं अशा कायमच्या अपंगत्वासाठी असतं; हाड मोडून जुळलं तर त्यातून सहसा काही येत नाही. आणि तिथे मात्र चालू लायसन्सची अट खरोखर आड येते.

आता आकड्याकडे येते. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही गंभीर दुखापत. त्यामुळे भावापुढे दोन वाटा आहेत. कलम 164 खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला 2.5 लाख रुपये ठरलेले आहेत (मृत्यूला 5 लाख). कलम 166 खाली समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण तिथे रकमेला वरची मर्यादा नाही. इथे एक बारीक मेख आहे, आणि तुमच्याकडे आलेला तो विमा कंपनीचा माणूस ती समजावून सांगायला बांधील नाही: कलम 164 ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की 166 चा दावा संपतो. दोन्ही घेता येत नाहीत. 2.5 लाखांचा चेक टेबलावर असला की मोह होतो. किरकोळ फ्रॅक्चर असेल, तीन महिन्यांत माणूस कामावर गेला असेल, चूक कुणाची हेच धूसर असेल, तर मी स्वतः अशिलांना तो घ्यायला सांगितलंय. तुमच्या भावाचं तसं दिसत नाही.

कारण तो शिडी चढून पोट भरतो. हे वाक्य माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रातलं सगळ्यात मौल्यवान आहे आणि तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंय. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने सगळी पद्धत घालून दिली आहे. त्यातल्या माणसाच्याही डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती, दाखला होता पायाच्या 45 टक्के अपंगत्वाचा. कोर्ट म्हणालं, पायाचे 45 टक्के म्हणजे सबंध शरीराचे 45 नव्हेत, आणि शरीराचे जितके टक्के तितकीच कमाई घटली असंही नव्हे. तो माणूस चीज विकायचा. विक्रीत अडचण होईल, पण धंदा बंद पडणार नाही, म्हणून कमाईतली घट 20 टक्के धरली. हाच हिशोब एसी मेकॅनिकला लावून बघा. ज्याला तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभं राहून आउटडोअर युनिट उतरवायचं असतं, त्याचा पाय जमिनीवर ठीक चालत असला तरी कामाला उपयोगाचा नसू शकतो. दाखल्यावर 15 टक्के असतील आणि कामातली घट 25 टक्के असेल. पण हे ट्रायब्युनलला आपोआप कळत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं आणि नेमकं विचारावं लागतं: शिडी चढता येईल का, उकिडवं बसता येईल का, 40 किलोचं युनिट उचलता येईल का. नुसता दाखला जोडून डॉक्टरला न बोलावणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी काटकसर आहे.

दाखला कधी काढायचा? हाड जुळून उपचार स्थिरावल्यावर, वैद्यकीय मंडळाकडून. फार आधी काढला तर समोरचा म्हणतो अजून सुधारणा होईल. तोवर दर खेपेच्या ओपीडीच्या चिठ्ठ्या आणि एक्स-रे एका फायलीत तारखेप्रमाणे लावत जा.

हिशोब कसा होतो ते तुमच्याच उदाहरणावर. वय 34, म्हणजे 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा) 16. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीसाठी उत्पन्नात 40 टक्के मिळवायचे. ही वाढ जखमींच्या दाव्यातही धरतात. समजा महिना 20 हजार सिद्ध झाले. 40 टक्के मिळवून 28 हजार, वर्षाचे 3,36,000. कमाईतली घट 15 टक्के धरली तर वर्षाला 50,400, गुणिले 16 म्हणजे 8,06,400 रुपये. घट 25 टक्के धरली तर हेच 13,44,000 होतात. आणि उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून ट्रायब्युनलने महिना 12 हजारच धरले तर 15 टक्क्यांना आकडा 4,83,840 वर येतो. पाय तोच, अपघात तोच.

याच्या जोडीला काम बंद असलेल्या महिन्यांची कमाई, उपचार, औषधं, टॅक्सीभाडं, पौष्टिक आहार, सोबत राहणाऱ्या माणसाचा वेळ, रॉड काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना आणि आयुष्यातल्या सुखांना मुकणं, हे धरतात. स्कूटरचं नुकसानही याच अर्जात मागता येतं. सरकारी इस्पितळात उपचार झाले म्हणजे खर्चच नाही असं समजू नका. बाहेरून आणलेली औषधं, वॉकर, फिजिओथेरपी, साखळीहून बांबोळीच्या फेऱ्या. पावत्या थर्मल कागदावर असतात आणि सहा महिन्यांत कोऱ्या होतात, फोटो काढून ठेवा. भावाची खासगी मेडिक्लेम असेल आणि तिने काही बिलं भरली असतील तर ती रक्कम भरपाईतून कापायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलंय. ते आपल्याकडेही लागू.

मग राहिला उत्पन्नाचा पुरावा. तुम्ही लिहिता की तो रिटर्न भरत नाही, बिलं देत नाही, सगळं रोखीत किंवा फोनवर. आपल्याकडे निम्म्या गोव्याचं हेच आहे. तरी माग राहतोच. यूपीआयचे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. अपघाताच्या आधीचं निदान एक वर्ष काढा, कारण एसीच्या धंद्यात मार्च ते मे एक आणि ऐन पावसाळा दुसराच असतो, तीन महिन्यांचं दाखवलं तर कुणीही शंका घेईल. गॅस आणि सुटे भाग तो जिथून उधारीवर घ्यायचा त्या दुकानदाराची वही. शिवोली-आसगावच्या व्हिला सांभाळणाऱ्या मॅनेजरांचे व्हॉट्सअॅप मेसेज, ‘उद्या ये, दोन युनिट सर्व्हिसिंग’. त्यातले एक-दोघं साक्षीला यायला तयार आहेत का विचारा. स्कूटरचे, फ्रिजचे हप्ते फेडत असेल तर तेही उत्पन्नच बोलतं. माझ्याकडे म्हापसा बाजारात मासळी विकणारी एक बाई होती, जिच्याकडे एक कागद नव्हता. बोलता बोलता कळलं की ती रोज संध्याकाळी सोसायटीच्या पिग्मीवाल्याकडे 200 रुपये भरते. चार वर्षांचं पिग्मीचं पुस्तक, रोजची नोंद. जी बाई दिवसाला 200 बाजूला टाकते ती दिवसाला किती कमावत असेल, हे न्यायाधीशांना समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या भावाचं असं काही आहे का, आईला विचारा. अशा गोष्टी घरातल्या बायकांना माहीत असतात.

दावा कुठे करायचा यात तुम्हाला निवड आहे: अपघात जिथे झाला तिथलं, दावेदार राहतो किंवा धंदा करतो तिथलं, किंवा प्रतिवादी राहतो तिथलं ट्रायब्युनल. तुमच्या बाबतीत अपघात बार्देशात, घर डिचोली तालुक्यात, म्हणजे उत्तर गोव्यातच काम होतं. पर्यटकाच्या गावी जायची काही गरज नाही. वेळ किती लागेल हे मी सांगत नाही. माझ्या फायलींत दीड वर्षात मिटलेलीही आहेत आणि पाच वर्षं चाललेलीही, आणि फरक बहुतेक वेळा नोटीस बजावण्यात आणि डॉक्टरांच्या तारखांत पडला. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळतं, हेही लवकर दाखल करण्याचं एक कारण. मधे लोक अदालतीत तडजोडीची संधी येते. तिथे ठरलेल्या रकमेवर अपील नसतं, म्हणून दाखला हातात यायच्या आधी तिथे बसू नका.

वकिलाबद्दल विचारायला तुम्ही संकोचलात, म्हणून मीच सांगते. ‘जे मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार वकिलाने करणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. फी आधी ठरवा, लेखी घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. आणि इस्पितळाच्या आवारात ‘मी सगळं बघतो’ म्हणत भेटणाऱ्या माणसाला कोऱ्या वकालतनाम्यावर सही देऊ नका.

विमा कंपनीचा माणूस परत आला तर सौजन्याने चहा द्या, पण जबाब लिहून घेत असेल तर तो वाचल्याशिवाय भावाने सही करू नये आणि प्रत मागावी. इंग्रजीत लिहिला असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगावं. मागच्या खेपेला त्याने कशावर सही घेतली होती का, हे तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. घेतली असेल तर काय होतं ते भावाकडून आठवून तारखेसकट लिहून काढा, आणि वकिलाकडे जाताना केसपेपर आणि पंचनाम्यासोबत तो कागदही न्या.